मान, स्त्रीलिंगी

मान अवघडली की उशी उन्हात टाकायची,
हा सासूबाईंचा इलाज.
नागपूरचं ऊन त्यांना सगळ्यावरच लागू पडतं,
कुरडयांवर, ढेकणांवर, माझ्या रुसव्यावर.
संध्याकाळी गच्चीवरून उशी आणली तर भाकरीसारखी गरम.
रात्रभर तिच्यावर शेकले.
सकाळी मान तशीच, डावीकडे वळेना.
रस्ता ओलांडताना अख्खी मीच वळते,
इतवारीच्या बोळात हातठेला वळवावा तशी.

नवरा म्हणाला, ‘चाल न व गुलाब न्हाव्याकडे,
एका झटक्यात मोकळी करून देते तो.’

मी गेले प्रांजली उईकेकडे,
मेयोतच, आमच्या लॅबपासून दोन जिने खाली.
माझ्या पोरीपेक्षा चार वर्षांनी मोठी असेल.
‘झटका कोणालाच देऊ देऊ नका, ताई.
बोटांना मुंग्या येतात? हातातून वस्तू पडतात?’
पडल्या असत्या तर काचपट्ट्या उरल्या असत्या का, बाई?
तेवीस वर्षं झाली, मी खाली बघते.
रक्ताचा एक थेंब, त्यात गोल गोल पेशी,
आणि मधूनच एखादा विळा.
विळा दिसला की नंबरापुढे खूण.
कोणाचं रक्त, कोण बाहेर बसलंय,
ते मला नळीतून दिसत नाही.

तिने एक्स-रे उजेडापुढे धरला.
‘मानेला मुळात बाक असतो,
तुमचा सरळ झालाय.’
मला हसू आलं, हसताना कळ आली.
पेशी वाकली की आजार, मान सरळ झाली की आजार!
‘घाबरू नका, चाळिशीनंतर फोटो असेच येतात,
केस पिकतात तसे.
आपण फोटोचा इलाज करत नाही.’
मग तिने माझं डोकं दोन्ही हातांत घेतलं
आणि विचारलं, हे केवढ्याचं असेल?
मी म्हटलं, नारळाएवढं.
‘पाच किलो, ताई. बाजारची भरली पिशवी.
ती तुम्ही हात पुढे करून धरून बसता, दिवसभर.’

शाळेत व्याकरणाच्या बाई म्हणायच्या, तो मान, ती मान.
तो दरवर्षी वर्धापनदिनी डॉक्टरसाहेबांना मिळतो,
शाल, नारळ, फोटो.
ती माझ्याकडे आहे.

व्यायाम म्हणजे काय, तर तळहात कपाळावर ठेवायचा,
हाताने ढकलायचं, कपाळाने ऐकायचं नाही.
दोघांनीही हलायचं नाही, दहा आकडे.
संसारात इतकी वर्षं केलंय, जमलं लगेच.
हनुवटी आत, जणू कोणी उगाच पापा घ्यायला आलंय.
उशी पातळ.
आणि सूक्ष्मदर्शक उंच करा, म्हणाली, तुम्ही खाली जाऊ नका.
चार जुनी रजिस्टरं खाली घातली.
सगळ्यात वरचं माझ्याच अक्षरातलं,
पहिल्या वर्षाचं, टपोरं, शाईचं.
त्यातले सगळे नंबर आता
माझी मान उचलून धरतात.

दर वीस मिनिटांनी मोबाईल वाजतो, वर बघायचं.
पहिल्या दिवशी वर बघितलं तर खिडकीपलीकडे बाक,
बाकावर एक बाई, गडचिरोलीच्या पहाटेच्या बसची धूळ अजून पायावर.
मांडीवर मुलगा, गुडघे पोटाशी घेऊन.
खिडकी कधीची आहे, कोणाला विचारू?
तिने नुसत्या भुवयांनी विचारलं.
मी काही सांगायचं नसतं, रिपोर्ट डॉक्टर देतात.
पण धाकट्या बहिणीची पट्टी मी आत्ताच बघितली होती,
सगळ्या पेशी गोल.
मी मान हलवली, नाही म्हणून.
डावीकडे जाताना चमक आली, डोळ्यांत पाणी आलं.
ती बाई घाबरली.
मग मला हसून दाखवावं लागलं.

दुखणं अजून आहे.
सकाळी कमी, थंडीत जास्त,
महिनाअखेरीच्या गर्दीत विचारूच नका.
काल स्कूटरवरून मागे बघता आलं, अर्धं.
सासूबाईंनी परवा पुन्हा उशी गच्चीवर टाकली.
टाकू देत.
पातळ आहे आता, लवकर निवते.